पंधरा म्हणाला होता

गुरुवार, ९ नोव्हेंबर २००६

औंधच्या आमच्या घराचं बँकेने केलेलं मूल्यांकन आलं. फारच कमी. घर घेणारा हिंजवडीतला मुलगा सकाळी फोनवर म्हणाला, "काका, कर्जच तेवढं मिळतंय. तीन लाख सोडा." सोडले. दुसरं गिऱ्हाईक कुठून आणू?

बोचतंय ते वेगळंच. बँकेचा माणूस घर बघायला आला तेव्हा भिंतीवर हात फिरवून म्हणाला होता, "पंधरा वर्षांचं असेल, नाही?" मी ताठ्यात म्हणालो, "पंधरा? अहो, सव्वीस! पाया मी स्वतः आखलाय, पुस्तकं वाचून." त्याने सव्वीस लिहिलं. जुनं घर म्हणून किंमत पडली. पंधरा म्हणाला होता तो. नुसतं 'हो' म्हणायला काय झालं होतं मला?

हिने एवढंच विचारलं, "तुमची परीक्षा घ्यायला आला होता का तो?"

औंधमध्येच बघून ठेवलेला तळमजल्यावरचा फ्लॅट आता हातचा गेला. हिच्या गुडघ्यांना घरातला जिना झेपत नाही म्हणूनच तर विकतोय. आता तिथेच तिसरा मजला परवडतोय, लिफ्ट नाही. दुपारी जाऊन बघून आलो.

जेवताना ही म्हणाली, "किती पायऱ्या आहेत हो?"

मोजल्या होत्या. "लक्षात नाही," म्हणालो.