बुधवारचे कुकर

राजारामपुरी, कोल्हापूर
१४ नोव्हेंबर २०२५

राजनंदिनी,

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक आहे. कबनूरच्या यंत्रमाग शेडचं छप्पर एकदाचं बसलं. माझ्या खोलीखाली एक क्लास आहे, तिथली मुलं दिवसभर मोठ्याने सूत्रं पाठ करतात. त्याचीही सवय झाली. तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, असं आईकडून कळलं. त्यांना जिने चढू देऊ नकोस.

कागदावर लिहिते आहे, कारण आपल्या सहनिवासात, 'अंगण'मध्ये, तक्रार फोनवर करायची नाही, लिहून करायची, हा नियम आपणच केला होता. तुझ्या पत्रात मात्र तक्रारीचा उल्लेखही नाही. तू निमंत्रण पाठवलं आहेस.

तू लिहितेस की सहनिवासाबद्दल लोकांची उत्सुकता फार वाढली आहे. खरं आहे. मलाही फोन येतात. मुलं परदेशात असलेले आईवडील, एकट्या राहणाऱ्या बायका, शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे माहीत नसलेली जोडपी. आपल्या फाटकावरची पाटी त्या सगळ्यांना आवडते: 'घरं अकरा, चूल एक'. येत्या तेवीस तारखेला, रविवारी, तुम्ही या लोकांना 'अंगण' दाखवणार आहात. मी येऊन रचना समजावून सांगायची. कुरुंदवाडजवळ दुसरं 'अंगण' बांधायचं आहे, त्याचा आराखडा मीच द्यायचा. आणि पाहुण्यांना आईच्या हातच्या भाकरी वाढायच्या. "आक्कांच्या भाकरी म्हणजे आपली ओळख," हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं.

रचना इथेच समजावून सांगते.

प्रत्येक घरातला ओटा मी मुद्दाम लहान ठेवला. एक शेगडी मावेल, चहा होईल, आजारी माणसाला पेज होईल, एवढाच. तुझ्या सासूबाई तेव्हा माझ्याशी भांडल्या होत्या. "चार फुटांच्या वट्ट्यावर संसार हुतोय व्हय गं?" मी म्हटलं होतं, संसार बाहेर होईल, मोठ्या स्वयंपाकघरात, सगळ्यांचा मिळून. सगळ्या घरांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या मी मधल्या चौकाकडे काढल्या, म्हणजे आत कुणी असलं तरी चौकातली हाक ऐकू जाईल. उलटही खरं असतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आतला आवाजही चौकात येतो.

आईला स्वयंपाकाचा गुरुवार मिळाला होता. पहिल्याच गुरुवारी गणपतराव आले, आपले अध्यक्ष. हात जोडून म्हणाले, "आक्काताई, गैरसमज नको. गुरुवार आमच्यात कडक असतो. आम्ही भेदबिद मानत न्हाय हां, मुळीच न्हाय." भेदाचा विषय आईने काढला नव्हता. मग आणखी तीन घरांत गुरुवार कडक निघाला. आईने वार बदलून मंगळवार घेतला. मंगळवारीही उपवास निघाले. तेव्हा आई हसली आणि म्हणाली, "मग मला असा वार द्या, ज्या दिवशी देवाला सुट्टी असती." तिला बुधवार दिला. बुधवारचा उपवास मला तरी ठाऊक नाही. 'अंगण'मध्येही कुणाला ठाऊक नसावा, कारण त्या दिवशी उपवास कुणी सांगितला नाही.

मांसाहाराचा प्रश्न नव्हता, हेही नोंदवते. मोठ्या स्वयंपाकघरात शाकाहारीच करायचं, हे ठरवताना आईनेही हात वर केला होता.

तिच्या पहिल्या बुधवारी मी साइटवरून संध्याकाळी परत आले. आईने पिठलं केलं होतं, खर्डा केला होता, भाकरीची टोपली फडक्याने झाकून ती दारात बसली होती. टेबलं मांडलेली. कुणी नव्हतं. मी हात धूत होते, तेव्हा गणपतरावांच्या खिडकीतून कुकरची शिट्टी आली. मग समोरून एक. मग कोपऱ्यातल्या घरातून. तीन घरांतून.

आई ऐकत होती. मला म्हणाली, "ह्यांचा कुकरबी बुधवारीच बरा लागतोय न्हवं?"

शेवटी पिराजीकाका आले. बायको गेल्यापासून ते एकटेच राहतात, तुला माहीत आहे. पोटभर जेवले, ताटातला खर्डा बोटाने पुसून घेतला आणि जाताना म्हणाले, "आक्का, मनावर घिऊ नका, लोकं हाईत." आई म्हणाली, "लोकं हाईत म्हनून तर इथं आलो की काका. न्हायतर कुरुंदवाडात घर हुतंच."

त्यानंतरच्या आठवड्यात मी कबनूरला असताना तुमची बैठक झाली. "आक्कांचं वय झालंय, त्यांना स्वयंपाकातून मोकळं करू, त्या बाग बघतील." सगळ्यांचे हात वर. आई तिथेच बसली होती; ठराव तिच्याबद्दलचा, म्हणून तिचं मत धरलं नाही. तिचं वय गणपतरावांपेक्षा कमी आहे. एकानेही हात खाली ठेवला असता तर ठराव अडला असता. सर्वसंमतीचा नियम तसाच आहे आणि तो तू लिहिला आहेस. मी ज्या दिवशी हे ऐकलं त्या दिवशी खोली बघायला निघाले. आई आली नाही. म्हणाली, "तू जा. घर माझ्या नावावर हाय. मी कशापायी जाऊ?"

या सगळ्याचं कारण तुलाही माहीत आहे आणि मलाही. 'अंगण'मध्ये कुणी कुणाला जात विचारत नाही. पण घरभरणीच्या दिवशी तुझ्या सासूबाई आमच्या घरात आल्या, कोनाड्यातली बुद्धाची मूर्ती आणि वरची बाबासाहेबांची तसबीर बघितली, आणि हातातला चहा न पिता खिडकीत ठेवला. तो कप मीच उचलला. भरलेला होता.

आता एक दुरुस्ती. वर मी तीन घरं लिहिली. ती चार होती.

आपण दोघी कॉलेजच्या हॉस्टेलवर होतो तेव्हा आई एसटीत कंडक्टर होती. ती माझा डबा कुरुंदवाडच्या पहिल्या गाडीत तिच्याबरोबरच्या कुणाकडे तरी देई आणि तू स्टँडवर जाऊन तो आणत असायचीस. मी उठायच्या आधी. गाडी उशिरा आली तर तू कंडक्टरशी भांडायचीस, "काका, डबा आमचा हाय, गार करू नका." डब्यातली अर्धी भाकरी मला मिळायची.

चौथी शिट्टी तुझ्या घरातून आली. पहिल्या तिघांची मला फारशी फिकीर नाही.

मी रविवारी बोलायला येणार नाही. आराखडा देणार नाही. भाकरीचं मी ठरवू शकत नाही. आईला विचारायचं असेल तर समोर जाऊन विचार. तुझ्या दारापासून तिचं दार सतरा पावलांवर आहे, मीच आखलं आहे.

अक्षता


राजारामपुरी, कोल्हापूर
२७ नोव्हेंबर २०२५

राजनंदिनी,

रविवारी तू मला फाटकाशी बघितलंस. मी बोलायला आले नव्हते. आईने फोन करून सांगितलं होतं, "बघायला तरी ये. मागं हुबी ऱ्हा." म्हणून आले.

तू समोर जाऊन विचारलंस, हे आईनेच सांगितलं. तिने एक अट घातली होती, "मी करते, पर पंगत मी लावनार," आणि तू लगेच हो म्हणालीस. तिने आयुष्यभर भरलेल्या गाडीत माणसं बसवली आहेत. काय कबूल करतेस, हे तू विचारायला हवं होतंस.

पाहुणे चौकात बसायला लागले तेव्हा तिने हात आडवा केला. "पावणं, जरा दम धरा. तुमी एकच दीस आलाय. आदी घरची मान्सं." आणि मग तिचा तो एसटीतला आवाज. "एक नंबर, बसा! दोन नंबर! पुढं सरका, मागं जागा हाय! गणपतराव, तुमी का दाराला लटकलाय? आत या की!" पाहुणे हसत होते. कुणीतरी मोबाइलवर चित्रीकरण करत होतं. गणपतराव म्हणाले, "आक्काताई, माझा आज उपवास." पुण्याहून आलेल्या एका बाईंनी अगदी निरागसपणे विचारलं, "रविवारचा? कसला हो?" गणपतराव बसले.

तुझ्या सासूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला. आई त्यांच्यासमोर आमटीचं भांडं घेऊन उभी होती. "जेवा वैनी. गुडघ्याला ज्वारी चांगली." त्यांनी तो तुकडा खाल्ला. मी बघितलं. तू मान खाली घालून जेवत होतीस. तुझ्या ताटात आईने न विचारता दुसरी भाकरी वाढली, कारण तुला एक पुरत नाही, हे तिच्या लक्षात आहे.

त्याच पुण्याच्या बाईंनी नंतर विचारलं, "आक्का, तुमचा वार कुठला? मी मुद्दाम येईन." आई म्हणाली, "बुधवार." सगळे गणपतरावांकडे बघायला लागले. एवढ्या माणसांसमोर ते काय बोलणार? "व्हय, व्हय. आक्कांचा बुधवार."

सोमवारी तुझा निरोप आला. "आता सगळं सुरळीत झालं ना? सात कुटुंबांनी कुरुंदवाडसाठी नावं दिली. आराखडा कधी देतेस?"

काल बुधवार होता. संध्याकाळी मी आईला फोन केला. स्वयंपाक करून ती दारात बसली होती.

"कुकर वाजले का?" मी विचारलं.

"न्हाय. आज कायबी वाजलं न्हाय."

"मग आले का सगळे?"

"कुठलं गं. खिडक्या लावल्यात समद्यांनी. थंडी लई पडल्या म्हनं." मागे पिराजीकाका काहीतरी म्हणाले, ती त्यांना "घ्या की अजून, लाजताय काय" म्हणाली, आणि मग पुन्हा मला, "तू आनि ऑफिसात रडत बसू नगंस. एक पॅसेंजर नसला तरी गाडी सुटती, अक्षू. टायमाला सुटती. मी काय बुधवार सोडनार न्हाय."

मी रडत नव्हते. तुला कळावं म्हणून लिहिते.

खिडक्या चौकाकडे काढल्या तर लोक त्या लावून घेतात. ओटा लहान ठेवला तर एका शेगडीवर दोन पदार्थ आलटून पालटून करतात. माझ्याकडे याच्या पुढची युक्ती नाही. कुरुंदवाडच्या त्या सात कुटुंबांना मी काय सांगू? भिंत कुठे घालायची हे मला येतं. ती नसताना माणसं जेवायला कशी येतात, हे मला येत नाही, आणि येतं असं दाखवून मी आराखड्यावर सही करणार नाही. तू दुसरा कुणीतरी बघ. कोल्हापुरात चांगले आर्किटेक्ट आहेत. त्यांना ओटा मोठा काढायला सांग, म्हणजे निदान खोटं तरी होणार नाही.

फोन ठेवता ठेवता आईने आणखी एक सांगितलं. काल एकच खिडकी उघडी होती, तुझी. तू आत दिवा न लावता उभी होतीस. आईने हाक मारली नाही. मी विचारलं का, तर म्हणाली, "तिला रस्ता ठावं हाय."

खिडकी उघडी ठेवल्याचे मी आभार मानत नाही. त्यासाठी मी तिथे खिडकी काढली नव्हती.

पुढच्या बुधवारी आई साडेसातला टोपली उघडेल. आठपर्यंत भाकरी गार होते.

तुझ्या शेजारच्या आक्काताईंची मुलगी,
अक्षता