आपला मनोरा

दि. ४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

परवाच्या वादळात आपल्या रेडिओ केंद्राचा मनोरा मोडला. कुणाला लागलं नाही, पण केंद्र मुकं झालंय. रंगाच्या कारखान्याने नवा मनोरा देऊ केलाय. बदल्यात बातम्यांआधी त्यांची जाहिरात. समितीतले बेकरीवाले काका म्हणतात, चालत आलेल्या लक्ष्मीला नाही म्हणू नये. बाबा म्हणतात, माझ्या बहिणीने केंद्र उभं केलंय, तिला विचार. मला तर हो म्हणावंसं वाटतंय.

कळव लवकर. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी भाची,
बडबडी

दि. ९ मार्च

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

मनोरा पडला म्हणून तूही तोंड पाडून बसलीस होय? सायकलच्या दुकानावरच्या त्या खोलीत मी आणि नर्सबाईंनी सुरुवात केली, तेव्हा आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या. खाली हातोडा पडला की वर बातम्या थांबायच्या.

पुढे याच कारखान्याचा रंग नदीत उतरला, नळाला तांबडं पाणी आलं. त्यांच्या जाहिराती छापणारे मूग गिळून बसले. आम्ही गल्लोगल्ली फिरून पाणी तपासून घेतलं आणि कुठलं पिऊ नका ते रोज सांगत राहिलो, कारखान्याने सांडपाणी शुद्ध करेपर्यंत. कुणाचे मिंधे नव्हतो म्हणून ते जमलं.

नाही म्हण, असं मी सांगणार नाही. केंद्र आता तुझं. फक्त आधी ऐकणाऱ्यांना विचार.

जेवत जा वेळेवर, आणि म्हातारीवरचा लोभ राखून ठेव.

तुझी आत्या

दि. २६ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाजारच्या चौकात स्टुलावर चढून, भोंगा तोंडाला लावून बातम्या वाचल्या आणि मनोऱ्याचंही सगळं खरं सांगितलं. आधी लोक हसले. मग वेल्डरदादा म्हणाले, लोखंड माझ्याकडे पडून आहे, जाहिरात कशाला हवी? शेजारच्या शाळेने मनोऱ्यासाठी गच्ची दिली. बेकरीवाले काका कुरकुरतच आले, पण दोर ओढायला सगळ्यांत पुढे तेच. कारखान्याला मी नम्रपणे नकार कळवला.

नवा मनोरा बुटका आहे. टेकडीपलीकडे आवाज पोचत नाही, ही रुखरुख आहेच, त्याचंही बघू.

काल सकाळी सुरू झालो. परत आलोय, एवढंच आधी म्हटलं. खिडकी उघडी होती. खालच्या घराघरांतल्या रेडिओंतून माझंच वाक्य वर आलं. मग पाणी प्यायले आणि बातम्या वाचल्या.

तब्येत सांभाळ, आणि असाच धाक असू दे.

तुझी बडबडी