रजिस्टरातली एक जून

अण्णा, आज एका पोराला मी मोठ्यांच्या कोर्टात पाठवलं. बाल न्याय मंडळावर न्यायाधीश म्हणून बसायला लागून मला तीन वर्षं झाली. इथं शिक्षेच्या आधी वय ठरवावं लागतं, आणि बहुतेक वेळा सगळं त्या वयावरच ठरतं. चराईच्या भांडणात या पोराच्या काठीनं एका माणसाचा डोळा गेला. अठराच्या आत असता तर फार तर तीन वर्षं विशेष गृहात राहिला असता, तिथं शिकला असता. भांडण जूनच्या मध्यात झालं, आणि शाळेच्या रजिस्टरात त्याचा जन्म एक जूनचा. अठरा वर्षं आणि काही दिवस.

"मॅडम, अर्ध्या जिल्ह्याचा वाढदिवस एक जूनला," आमचे कारकून हसून म्हणाले, "केक पुरायचा न्हाई." मला हसू आलं नाही. मेंढरांमागे फिरणारी त्याची आई समोर उभी होती. "बाई, दसऱ्याला झालाय त्यो, भांडणाच्या टायमाला अठरा भरली नव्हती. मास्तर म्हणले, एक जून लावतो, काय बिघडतंय. आता तुमी सांगा, लेकरू मी जन्माला घातलं का मास्तरनं?" कायदा सांगतो, आधी शाळेचा दाखला बघा. जन्माची नोंद कुठंच नाही. तो माळावर, पालात जन्मला.

माझ्या लहानपणी तुम्ही मास्तर होतात; शाळा उघडायच्या आठवड्यात दाखल-खारीज रजिस्टर घरी आणायचात. आई भाकरी थापतेय, मी चुलीपासून लांब पाटावर रजिस्टर भरत बसलेय, कारण माझं अक्षर बरं. एक बाई दारात सांगते, पोरगं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालं, सहा अजून पुरी व्हायचीत. मी तसंच लिहायला घेते आणि तुम्ही माझ्यावर ओरडता. "तुला कुणी विचारलं? एक जून लिही, सहा पूर्ण लिही. आज घेतलं न्हाई तर पुढच्या साली शेरडामागं जाईल ते, परत दिसायचं न्हाई." मी रडत लिहिलं होतं. ते पोर पुढं ग्रामसेवक झालं, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत. तुमचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही म्हणवत नाही.

निकालात मी लिहिलं, नोंदीवर अविश्वास ठेवण्यास कारण दिसत नाही. पोरगं आईच्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिलं. बाई म्हणाली, "मोठ्या जेलात मारतेत का हो?" मी पुढची फाईल मागितली.

स्वतःला ठाऊक असलेलं न्यायाधीशाला पुरावा म्हणून वापरता येत नाही, अशी समजूत दिवसभर घालून पाहिली. ती खरीही आहे. पण ज्यांनी ही नोंद केली ते मुख्याध्यापक निवृत्त होऊन इथं बीडमध्येच राहतात. त्यांना साक्षीला बोलावणं माझ्या हातात होतं. पोराच्या वकिलांनी तसा अर्जही दिला होता. तो मी फेटाळला. सत्तरीच्या घरातला, तुमच्यासारखाच एक म्हातारा मास्तर पिंजऱ्यात हात जोडून "अंदाजानं लिहिली, साहेब" म्हणताना मला बघायचा नव्हता, अण्णा. एवढंच कारण होतं.