आधी तो ब्रश ठेवा

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (छातीला पाच तारा चिकटवल्यामुळे तो पलंगावरूनच आणि अर्धाच घडला आहे, पूर्ण समजून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाओजींचा खोकला?

ऑफिसच्या जिन्यात मला घेरी आली, हे तुझ्या भावजयीने कळवलं असेलच. दवाखान्यात पोचेपर्यंत छातीतली धडधड थांबली आणि कागदावरचा आलेख अगदी सभ्य निघाला. डॉक्टर म्हणाले, ठोक्यांची लय बिघडते त्याच क्षणी ती पकडायला हवी, तोवर औषध कशावर देणार? म्हणून या तारा. माझे ठोके बाहेर सिस्टरांच्या टेबलावरच्या पडद्यावर दिसतात. कुणी सतत पाहत असलं की माणूस नीट वागतो, तसा मीही दिवसभर हालचाल न करता पडून राहिलो. (हा तपासाशी अप्रामाणिकपणा झाला का, ते अजून ठरवता आलेलं नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायला घेतले. मी दात कसे घासतो, ते तू लहानपणापासून ऐकत आली आहेस. तेवढ्यात दोन सिस्टर आणि एक डॉक्टर शॉक द्यायचं यंत्र ढकलत धावत आले. तोंडात फेस, त्यामुळे खुलासा करता येईना, आणि फेस पाहून त्यांची खात्रीच पटली. शेवटी मोठ्या सिस्टर ओरडल्या, "अहो, आधी तो ब्रश ठेवा!" ठेवला. पडद्यावरची पिसाळलेली रेघ शहाण्यासारखी चालू लागली. हात हलला की तारा हलतात, आणि यंत्राला वाटतं माणूस चालला. त्यानंतर मी पाठ खाजवायच्या आधीसुद्धा हाक मारून कळवू लागलो. "काका, कळवू नका. खाजवा," असं उत्तर आलं. (मी काका कधीपासून?)

संध्याकाळी यंत्र पुन्हा कोकललं. मोठ्या सिस्टरांनी दारातूनच विचारलं, "परत ब्रश?" बोलवेना, म्हणून मी दोन्ही हात वर करून दाखवले. रिकामे होते. मग मात्र त्या धावल्या. शिरेत इंजेक्शन दिलं, क्षणभर आतलं सगळं थांबल्यासारखं झालं आणि लय ताळ्यावर आली. आलेखाची पट्टी पाहून डॉक्टर इतके खूश झाले, की मीच त्यांचं अभिनंदन केलं.

आता गुरुवारी जांघेतल्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊन खोडकर जागा जाळायची आहे. बहुतेकांचा त्रास कायमचा जातो म्हणतात. तू एवढ्या लांबून यायची मुळीच गरज नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. मला भीती वाटत नाही, असं वर कुठेही लिहिलेलं नाही. पुन्हा वाचून खात्री केली. बुधवारीच ये.

आणखी एक : येताना मऊ ब्रश आण. जुना सिस्टरांनी जप्त केलाय.