नायतर काय, ते सांग की

प्रिय योगेंद्र,

सवयीनं 'प्रिय' लिहून गेले, असू दे. तू गेल्यावरही आपलं भाताचं विकी बरं चाललंय. कर्जत-खालापुरातली माणसं आपापल्या वाणांची पानं भरतात आणि आपण त्याला जोडलेल्या प्लगइनमधली सूत्रं कुठल्या शेताला लवकर पिकणारं हळवं भात आणि कुठल्याला उशिराचं गरवं ते सांगतात. चौक गावात तुमच्या गॅरेजमागच्या खोलीत बसून ती सूत्रं मराठीत लिहायची ठरवली, तेव्हा किती भांडलो होतो रं! मी म्हणत होते 'नाहीतर' लिहू, तू 'नायतर'वर अडून बसलास. आमी बोलतो तसंच लिवणार, म्हणालास. शेवटी तुझंच चाललं. जर शेत उंचावर तर हळवं भात, नायतर गरवं. अजून तसंच आहे.

दुसरं भांडण त्याहून मोठं. मी म्हणायचे, ज्याला लिहायचं त्यानं 'नायतर' लिहावं, नाही लिहिलं तर उत्तराची चौकट रिकामी राहील, काय बिघडलं? तू ऐकेनास. माणसं आपल्या सोयीचं तेवढं लिहितात गं, आणि दुसरा बिचारा रिकाम्या चौकटीकडे बघत बसतो, म्हणालास. म्हणून कुणी अर्धं सूत्र लिहिलं की पडद्यावर तुझंच वाक्य येतं, 'नायतर काय, ते सांग की!' परवा आपल्याकडे नवीन आलेली रूपाली म्हणाली, ताई, ही सक्ती काढूया, लोक वैतागतात. मी तिच्यावर उगाच खेकसले. मग मोरीत जाऊन रडले.

परदेशी निघालास तेव्हा चौकच्या नाक्यावर टॅक्सीत बसताना म्हणालास, जर तिकडं बस्तान बसलं तर तुला न्यायला येईन. मी पुढच्या 'नायतर'साठी काचेला हात लावून उभी होते आणि टॅक्सी सुटली. तेव्हापासून मी वाटच बघतेय रं.

काल तुझी आई साजगावला आमच्या घरी आली. योग्याचा साखरपुडा झाला गं तिकडंच, म्हणाल्या येसूकाकू, आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. आपलं त्यांना काय ठाऊक! तुझं कधी गं, असंही विचारलं. त्यांच्यासमोर मी तो पेढा खाल्ला.

रूपालीला आज स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. ती सक्ती राहणार. तुझं स्वतःचं सूत्र मात्र तू अर्धं टाकून गेलास आणि पुढचं काय झालं ते मला तुझ्या आईच्या तोंडून कळलं. राहिलेला शब्द आता मीच भरते. त्यासाठीच हे पत्र.

तू आला असतास तर तुझीच,
नायतर नुसती,
हर्षला