राड्याच्या बांधावरचा म्हसोबा

कळकीची वाडी, लोणावळ्याखाली
जेष्ठ महिना, आयतवार

माझा धाकला भाऊ चिरंजीव कोंडू, मुक्काम तिकोणा पेठ, यास थोरली बहीण येसूबाईचा आशीर्वाद. तुझा गुडघा कसा हाय? वैद्याचं तेल चोळतोस, का बाटली नुसती उशाला ठेवतोस? म्हस येली का? हितं समदी धडधाकट हायेत आन् मी तर लयच, कारण भांडायला मानूस मिळालं की माझं जेवान अंगी लागतं. (साक्षरतेच्या वर्गात अक्षरं थोडीच शिकले, पर तेवढ्यात भांडण भागतं.)

आमच्या वाडीवरची खाण तुला ठावी हाय. जर्मनची म्हंजे अल्युमिनची भांडी ज्याची करत्यात तो दगड तितं काढत्यात, धुत्यात, आन् धुवून उरलेला तांबडा राडा आमच्या डोक्यावरच्या ओढ्यात बांध घालून अडवत्यात. पयल्या साली बांध माणसाएवढा व्हता. तळं भरलं की बांध वाढवायचा, आन् वाढवायचा कशावर? तर आदल्या साली वाळल्यासारखा दिसनाऱ्या राड्यावर. म्हंजे पिठल्याच्या भिंतीवर पिठल्याचा माळा! भर उन्हाळ्यात पायथ्याला पाझर. तितंच बाया धुनं धुत्यात. (वाडीतली समदी धोतरं आता एकाच रंगाची झालीत, कुनाचं कुनी नेलं तरी कळत न्हाई.) तपासणीचा सायेब वर्सातनं एकदा येतो, त्यो पन चैतात, वरनं येनारा ओढा ठणठणीत सुका असताना. जीपमधनं उतरत न्हाई. बांधाकडं बघून मान हलवतो आन् मॅनेजरच्या बंगल्यावर कोंबडी खाऊन जातो. बांध बरा हाय का, हे त्या कोंबडीलाच इचारावं लागंल. मी मुकादम सखारामला (सोमाटण्याचा, बांधापेक्षा केसांच्या भांगाकडं ध्यान जास्त) इचारलं, "ह्यो बांध असा कुनी ठरवला रं?" तर म्हणतो, "आजी, डिझाईन मुंबईला झालंय." मी म्हनलं, "मग मुंबईलाच बांधा की! हितं कशाला वझं आनता?" पानशेतचं नाव काढलं तर म्हणतो, "ते धरण, आजी. हितं नुसता चिखल." मेल्या, चिखलात पवता येतं व्हय?

यंदा बांध आनखी पुरुषभर चढवायचं ठरलं. वाडी अर्ज घेऊन वडगावला मामलेदाराकडं जायला निघाली व्हती, पर आमची मानसं निघायलाच लय येळ लावत्यात, तवर काम झालं असतं. म्हणून मी ओढ्यातला एक धोंडा उचलला, लोणावळ्याच्या बाजारातनं शेंदूर आनला, आन् कुनी नसताना बांधाच्या माथ्यावर बरोबर मधोमध म्हसोबा बसवला. गडी कामाला आले, देव बघितला आन् पाट्या खाली ठेवल्या. देवाच्या डोक्यावर माती कोन टाकंल? काम बंद! मी घरी येऊन भाकरी खाल्ली आन् वर आनखी एक खाल्ली.

पर मॅनेजर माझ्याहून बेरकी निघाला. अनवाणी आला, नारळ फोडला, देवाला शिमिटाचा चौथरा बांधला, वर पत्रा घातला आन् सांगून टाकलं की खुद्द म्हसोबा बांध राखायला आलाय. झालं! वाडीनं अर्ज चुलीत घातला. देव बसलाय म्हनल्यावर काळजी कसली? माझ्या पोटचा शिदू तितं पगारी पुजारी झाला. आन् गड्यांनी काय करावं? देवाला धक्का न लावता त्याच्या डाव्या-उजव्या अंगानं बांध पुरुषभर चढवला. मधी देव व्हता तितंच, खाली. आता बांधाला बरोबर मधी खाच पडलीय आन् खाचंत देव बसलाय. तळं भरलं की पानी कुटनं पडंल ते तूच सांग. पयली आंघोळ देवाला, दुसरी आमाला, आन् पान्याबरोबर बांधबी घरात.

मी घरोघरी जाऊन सांगितलं, बायांनो, धोंडा मी बसवलाय, शेंदराची पुडी अजून फडताळात हाय. तर त्या माझ्याच पाया पडल्या! "आजी, देवानंच तुमाला बुद्धी दिली." मग पहार घेऊन चौथरा उकरायला गेले, तर शिदू आडवा. "आये, देवाला हात लावू नगंस." म्हनलं, "गाढवा, त्या देवाला मी काखंत मारून वर आनलाय." तर म्हणतो, "मग तुझ्यावर लय किरपा हाय." असल्याला पुजारी करतील न्हाई तर काय!

बाकी ठीक. थोरांना दंडवत, पोरासोरांना आशीर्वाद.

तुझी थोरली, भांडकुदळ आन् अजून हयात,
येसूबाई

ता. क. ज्यासाठी पत्र लिवलं ते ऱ्हायलंच. येत्या आमुशेला बांधावर म्हसोबाचा बोकड हाय. सायेबबी येणार, जेवान असलं की त्यो चुकत न्हाई. तुझ्या अंगात वारं येतं हे साऱ्या मावळाला ठाव हाय. तवा ये, घूम, आन् देवाच्या तोंडानं सांग: आधी जादा पानी जायला बाजूच्या कातळातनं सांडवा काढा, तळ्यातलं पानी उतरवा, मग मला वाडीतल्या उंबराखाली न्या. ह्याच वळीनं सांग. मला आधी न्या म्हनलास तर देव हलवतील, खाच बुजवतील आन् सांडवा इसरतील. माझं कुनी ऐकत न्हाई, माझ्या धोंड्याचं तरी ऐकतील.

ता. क. येताना प्यायचं न्हाई. मागं तुझ्या शेजारच्या सोपानच्या दारात वारं आलं तवा देवानं विडी मागितली आन् तीबी ठरावीक छापाची. देव रागवंल असं मनात आनू नगंस. त्याला मी बसवलाय, रागवला तर माझ्यावर रागवंल. माझं मी बघून घेईन.

ता. क. हे पत्र घेऊन शिदूची बायको हिरी आली आसंल, संगं दोन्ही पोरं. तिला वाचता येत न्हाई. तुझी बायको चंपा लय आजारी हाय असं सांगून तिला धाडलीय. तवा हिरी पाय धुतीय तवर चंपाला खाटंवर पाड आन् कन्हायला सांग. पाऊस सरून दसरा होईस्तवर उठू द्यायची न्हाई. मी येनार न्हाई. मी उठून आले तर मॅनेजर म्हनंल म्हातारी भ्याली, आन् बांधाखाली भांडायला कुनी उरनार न्हाई. तुला आमुशेला जमलं न्हाई तरी चालंल. पोरं परत धाडू नगंस.