तारेखालची चाल

प्रिय राजूमामा,

गेलेल्या माणसाला कुठं पत्र लिहितात का, असं म्हणत रूमवरची पोरं हसतायत. हसू देत. आज सकाळी पप्याचा फोन आला, म्हणून लिहितोय. वणीकडच्या लग्नाची सुपारी घेतलीय त्याने. तुझं पोरगं आता बँडच्या गाडीवर बसणार, तुझ्याच जागेवर! मागून मामीचा आवाज येत होता. रडत होती की भांडत होती, कळलं नाही.

तुला कोणी शिकवलं नव्हतं. पंचवटीत भजनातली पेटी ऐकून ऐकून बोटं बसवलीस. कीबोर्डवर डावा हात ढोलासारखा ठोकायचा आणि उजवा मधूनच निसटून पळायचा. तीच तुझी चाल. पार सटाण्यापर्यंतच्या बँडवाल्यांनी उचलली. कोणी नाव घेतलं का तुझं? मी चिडलो की म्हणायचास, "येड्या, नाव कशाला? म्हातारी नाचली ना? बास!"

लय नाचायची रे माणसं. तिथंच घात झाला.

मी तेव्हाही इथंच, कारखान्यात होतो. पप्याने सांगितलं. गाडीपुढं गणपतकाका बांबू घेऊन चालत होता. विजेची तार आली की ती बांबूने वर उचलायची आणि गाडी खालून काढायची, एवढंच त्याचं काम. तू चाल धरलीस. काकाने बांबू भिंतीला टेकवला. "एकच फेरा नाचून घेतो," म्हणाला. ड्रायव्हरही मान डोलवत होता. गाडी पुढं गेली आणि तिच्यावरच्या लोखंडी कमानीला तार लागली.

तू तार बघितली नाहीस का रे? बोटं का नाही थांबवलीस? चाल थांबली की सगळे थांबतात, हे तूच सांगायचास ना?

मी पप्याला विचारलं, "बांबू कोण धरणार?"

"धरंल कोणी बी. दादा, तू पण ना! लोकांनी आधीच सांगितलंय, पप्पाचीच चाल पाहिजे."

तोच रस्ता आहे, मामा. तारा अजून तशाच लोंबतायत.

सकाळपासून इथं कापड रंगवायच्या मशीनच्या खडखडाटातही मला तीच चाल ऐकू येतेय. मघाशी खाली बघितलं, तर माझाच पाय ताल धरत होता. टाच जमिनीवर दाबून धरली.

मी येतोय. शेठला सांगून टाकलंय, कामावर ठेवायचं तर ठेव. बांबू मी धरणार. कारखान्यातले जड गमबूट घालूनच येतो, त्यात पाय उचलत नाही. अख्खं गाव नाचू दे, मी वरच बघत चालेन.

तुझा,
या वेळी न नाचणारा भाचा,
संतोष